चोवीस डबे आणि एक पातेलं

“...ते ठीक आहे, पण दुपारी तीनला माणसाला जी मरगळ येते, तिच्यावर तुम्ही इथे कोणता चहा देता?”

सिदूबुवा भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले.

“चहा.”

“हो, पण कोणता?”

“पातेल्यातला.”

पाहुण्याने माझ्याकडे पाहिलं. मी आढ्याकडे पाहिलं. अकरा वर्षं झाली मला या मठीत, पण बुवांनी असं उत्तर दिलं की आपण कुठं बघायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

मी कोण ते सांगून टाकतो. मी मास्तर. शाळेतून निवृत्त झालो, बायको गेली, मुलगी सासरी सुखात होती. चार दिवस हवा खायला म्हणून घाटमाथ्यावरच्या या मठीत आलो आणि चिकटलो. चूल माझ्याकडे आहे.

मठीचे नियम दोनच. दोनशे साठ पायऱ्या चढून जो वर येईल, त्याच्या हातात आधी चहा द्यायचा आणि मग काम विचारायचं. दुसरा नियम, ज्यानं चहा केला त्यानं सगळ्यांच्या शेवटी प्यायचा, आणि पातेलं रिकामं करूनच चुलीपुढून उठायचं.

म्हणजे गाळ माझा. अकरा वर्षं गाळ पिणाऱ्या माणसाकडून गोड बोलण्याची अपेक्षा करू नये.

त्या दिवशी तर लाकडंही ओली होती. सकाळपासून फुंकणी फुंकून माझे गाल दुखत होते, डोळ्यांतून पाणी, आणि त्यात हे बापलेक आले.

मुलगा अमोघ बोरगावे. सांगलीचा, चाळिशीचा, खांद्याला लाकडी पेटी अडकवलेली. चहाचा जाणकार होता म्हणे. चव घेऊन मळा सांगायचा, मोठमोठे हॉटेलवाले त्याला बोलावून चहाची यादी करून घ्यायचे. हे त्यानं पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं.

त्याच्या मागून एकेक पायरी मोजत आले ते त्याचे वडील, भूपालअण्णा. सदरा एका माणसाचा आणि आत माणूस अर्धाच. कुणाला नमस्कार नाही, काही नाही. भिंतीला पाठ लावून, गुडघ्यांवर हात ठेवून बसले.

मी पेला दिला. त्यांनी घेतला, दोन्ही हातांत धरला, आणि शेजारी ठेवून दिला.

त्या पेल्यावर साय धरली. अकरा वर्षांत मठीतला चहा कुणी टाकलेला मी पाहिला नव्हता. मला राग आला, खोटं कशाला बोलू.

“बुवा, मी जरा नीट समजावतो,” अमोघ म्हणाला आणि पेटी उघडली.

आत चोवीस डबे. प्रत्येकावर चिठ्ठी, सुंदर अक्षरात. आसामचा, निलगिरीचा, डोंगरातला पांढरा, मोगऱ्यात मुरवलेला हिरवा, तुळशीचा, ज्येष्ठमधाचा, ब्राह्मीचा, गुलाबाचा, आणखी काय काय.

मग त्यानं एक तक्ता काढला. पाणी लागलं तरी भिजू नये म्हणून प्लास्टिकमध्ये बसवलेला. डाव्या बाजूला माणसाची मनःस्थिती लिहिली होती. उदास, चिडलेला, बेचैन, एकाकी, आनंदी. वरच्या बाजूला अंगातली शक्ती. भरपूर, निम्मी, संपलेली. आणि मधल्या प्रत्येक चौकटीत एकेक चहा.

“माणूस आला की आधी बघायचं, मन कुठं आहे. मग बघायचं, शक्ती किती आहे. दोन रेघा जिथं मिळतील तो चहा. चूक होऊच शकत नाही. सहा वर्षं घालवली मी यात.”

बुवांनी तक्ता घेतला. सरळ धरून पाहिला, आडवा धरून पाहिला.

मग मांडीवर ठेवला आणि त्यावर शेंगांची टरफलं टाकायला लागले.

अमोघचा चेहरा असा झाला की मलाच वाईट वाटलं.

“बुवा, तो तक्ता आहे.”

“व्हय. चांगला हाय. खाली सांडत न्हाई.”

“तुम्ही वाचलात का?”

“वाचला की.” बुवांनी हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं. “ह्या मास्तरला कंचा?”

झालं. आलं माझ्यावर.

अमोघ माझ्यासमोर उकिडवा बसला आणि माझा चेहरा वाचायला लागला. लहानपणी शाळा तपासायला साहेब यायचे, ते असंच बघायचे. “डोळे लाल आहेत. खांदे उतरलेत. रडून झालंय,” तो हळूच म्हणाला. “उदास. शक्ती संपलेली.”

“धूर गेलाय डोळ्यांत,” मी म्हटलं.

“माणूस असंच सांगतो.”

आता याच्यापुढं काय बोलणार? त्यानं बाटलीतलं गरम पाणी काढलं, एका डब्यातली वाळकी फुलं टाकली, घड्याळ लावून चार मिनिटं वाट पाहिली आणि पेला माझ्या हातात दिला. मी प्यालो. कडब्याच्या गंजीत तोंड घालावं तशी चव. पण पाहुणा आहे, शिकलेला आहे, एवढी मेहनत केलीय, म्हणून संपवला.

“बरं वाटलं?”

“लाकडं अजून ओलीच आहेत,” मी म्हटलं.

बुवा हसले नाहीत. त्यांनी आणखी एक शेंग फोडली.

“पोरा, एवढं सगळं तुला येतंय. मग डोंगर कशाला चढलास?”

 डब्यांची झाकणं नीट असतानाही अमोघनं ती पुन्हा दाबली.

“अण्णांसाठी,” तो म्हणाला.

...

“आई गेली त्याला चार महिने झाले. तेव्हापासून अण्णा चहा घेत नाहीत. आधी चहा सुटला, मग जेवण. दोन घास खातात, ताट सरकवतात. चौदा किलो वजन उतरलंय. डॉक्टर म्हणाले, या सोमवारपर्यंत स्वतःहून खायला-प्यायला लागले तर ठीक, नाहीतर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल. आज शुक्रवार आहे.”

हे सगळं तो वडिलांच्या देखत बोलत होता. म्हातारा बहिरा असावा, किंवा तिथं नसावाच, अशा आवाजात. अण्णा आपल्या गुडघ्यांकडे बघत होते. मला ते अजिबात आवडलं नाही.

“मी काय केलं नाही बुवा? काम सोडून चार महिने घरात बसलोय. दिवसातून पाच वेळा त्यांचा चेहरा बघून चहा करतो. सकाळी बेचैन दिसले तर ब्राह्मीचा. दुपारी गळून गेले तर आसाम. संध्याकाळी एकटे वाटले तर गुलाबाचा. एकदा म्हणून पेला तोंडाला लावत नाहीत. रागावून बघितलं. हात जोडून बघितलं. माझ्याकडे चोवीस चहा आहेत, चोवीसही करून झाले.”

त्यानं पेटी बुवांच्या पुढं सरकवली.

“पंचविसावा तुमच्याकडे असेल म्हणून आलो. लोक म्हणतात, इथला चहा पिऊन माणूस ताजा होऊन खाली उतरतो. काय घालता ते सांगा. नसेल सांगायचं तर करून द्या. पण बुवा, तुम्ही ‘पातेल्यातला’ म्हणता आणि शेंगा खाता. माझ्या वडिलांच्या नाकात नळी घालणार आहेत.”

बुवांचे हात थांबले.

“तुझ्या घरात चहा कोन करायचं?”

“आता मीच.”

“आता न्हाई. आधी.”

“आधी...” अमोघनं खांदे उडवले. “अण्णाच करायचे. आई सरकारी दवाखान्यात नर्स होती, सातची ड्युटी असायची. मग अण्णा साडेपाचला उठून चहा ठेवायचे. एकेचाळीस वर्षं. आई निवृत्त झाली तरी साडेपाचलाच.”

“मग?”

“मग काय? आईच्या तेराव्यानंतर दोन दिवसांनी त्यांनी गॅसवर पातेलं ठेवलं आणि अंगणात जाऊन बसले. मी अंघोळीला गेलो होतो. पाणी आटलं, पातेलं काळं पडलं, बाजूच्या फडक्यानं पेट घेतला. वर पडदा होता. नशीब म्हणून मी वेळेवर बाहेर आलो, नाहीतर घर गेलं असतं. अण्णाही गेले असते.”

“मग?”

“मग मी लायटर काढून घेतला, काडेपेट्या काढून घेतल्या. ते जुनं पातेलं भंगारात टाकलं. स्वयंपाकघराला कुलूप लावतो मी, किल्ली माझ्या खिशात असते. त्यांना म्हटलं, अण्णा, आता तुम्ही काही करायचं नाही. नुसतं बसायचं. जे हवं ते हातात मिळेल.”

“बरं,” बुवा म्हणाले.

एवढंच. मला वाटलं, आता बुवा काहीतरी सांगतील. निदान खांद्यावर हात तरी ठेवतील. चार महिने झुरलेला पोरगा समोर बसलाय, मन मोकळं केलंय त्यानं, काहीतरी बोला की. पण नाही. बुवांनी तक्त्यावरची टरफलं खिडकीबाहेर झटकली आणि तक्ता त्याला परत दिला.

“मठीच्या मागं गवती चहाचं बेट हाय. जा, एक पात घेऊन ये.”

“कशी? कोवळी की जून?”

“चांगली.”

“किती लांबीची?”

“तू जाणकार हाईस. तुझ्या मनाला पटंल ती. पन एकच.”

अमोघ उठला. जाताना दारातून वळून म्हणाला, “म्हणजे पंचविसावा चहा तो आहे?”

“एकच,” बुवा म्हणाले.

मी कपाळावर हात मारून घेतला. ते बेट म्हणजे बैलगाडीएवढं पसरलंय, हजार पाती असतील. आणि हा चहाचा जाणकार. आता संध्याकाळपर्यंत एक पात निवडत बसणार. सोमवार जवळ येतोय आणि बुवा याला गवत निवडायला पाठवतात.

तो गेल्यावर बुवा चुलीजवळ आले.

“मास्तर, सरक.”

“तुम्ही करणार? चहा?”

“सरक म्हनलं न्हवं.”

मी सरकलो. अकरा वर्षांत बुवांनी चुलीला हात लावला नव्हता, आणि का लावला नव्हता ते लगेच कळलं.

त्यांनी पातेल्यात पाणी ओतलं, सहा माणसांचं. बसलेले आम्ही तिघे, चौथा मागच्या अंगणात. मग त्या गार पाण्यातच चहापूड टाकली, मुठीनं. साखर दोन ओंजळी. एक ओलं ढलपं जाळात खुपसलं, सगळी मठी धुरानं भरली. मग एक काटकी घेऊन पातेल्यात ढवळायला लागले.

“बुवा, अहो...”

“गप.”

  चहापूड आणायला दोनशे साठ पायऱ्या मी उतरतो, बुवा नाही. आणि ते पाणी कोमटसुद्धा झालेलं नाही, त्यावर पूड मेल्या मुंग्यांसारखी तरंगतेय.

बुवा खोकले, डोळे पुसले, पुन्हा काटकी फिरवली.

भिंतीपाशी अण्णा बसले होते. पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की ते गुडघ्यांकडे बघत नाहीयेत. पातेल्याकडे बघताहेत.

बुवांनी आणखी मूठभर पूड टाकली.

“च्च.”

बुवांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून ऐकलं नाही. त्यांनी दुधाची कासंडी जवळ ओढली.

“पाणी उकळू द्या हो आधी,” अण्णा म्हणाले.

आवाज खरखरीत होता, बरेच दिवस न उघडलेल्या दारासारखा.

“आँ?” बुवा म्हणाले. त्यांचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत. खालच्या पायरीवर कुणी माझी चहाडी केली तरी यांना वर ऐकू येते.

“पाणी. उकळू द्या म्हटलं.”

“व्हय व्हय,” म्हणत बुवांनी दूध ओतायला सुरुवात केली.

“अहो, काय करताय? थांबा... दूध कशाला... अहो, फाटेल नाहीतर कच्चं राहील... छे, काय माणूस आहात तुम्ही.” अण्णा भिंतीला धरून उठले.  दोन पावलांत चुलीपाशी आले. “उठा. उठा तिथून. सरका तिकडे.”

सिदूबुवांना ‘उठा’ म्हणणारा माणूस मी पाहिला नव्हता. पुढारी पायाशी बसून जातात यांच्या. आणि बुवा उठले, मुकाट्यानं. सांडशी अण्णांच्या हातात दिली आणि माझ्या शेजारी येऊन बसले.

अण्णांनी ते पातेलं उचललं, दारात जाऊन जास्वंदीच्या मुळाशी उपडं केलं, राखेनं घासलं, विसळलं. प्रत्येक काम क्रमानं चाललं होतं.

“किती माणसं?”

“चार,” मी म्हटलं.

त्यांनी पेल्यानं पाणी मोजून घातलं. ओलं ढलपं बाहेर ओढलं, मागच्या कोपऱ्यातल्या ढिगातून नेमकी सुकी दोन लाकडं शोधून काढली. सुकी लाकडं तिथं होती हे मला माहीत नव्हतं. दोन फुंका मारल्या आणि जाळ लागला.

माझी सकाळ कशी गेली होती ते मी सांगितलंच आहे. फुंकणी मी हळूच मागं सरकवली.

“दूध कसलं?”

“म्हशीचं. सकाळचं.”

“मग अर्धा पेला पाणी जास्त लागेल. सुंठ आहे? आलं नको. आम्ही जैन, आलं खात नाही.”

मी सुंठ दिली. त्यांनी पाट्यावर ठेचली, बोटांनी वास घेतला. पाण्याला उकळी फुटली तेव्हा साखर घातली, मग सुंठ, मग पूड, मग पातेलं सांडशीनं उचलून धरलं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

“पहिली उकळी बसवायची,” ते म्हणाले. कुणाला सांगत होते कोण जाणे. “घाई केली की तुरट होतो. पण तिला घाई असायची. साडेपाचला ठेवला तर सहाला हातात. पाच मिनिटं उशीर झाला तर तशीच जायची, न पिता. भांडायची नाही. रुसायची नाही. तशीच जायची.”

पातेलं पुन्हा खाली आलं.

“ती गेली त्या दिवशीसुद्धा...”

त्यांनी पातेलं पुन्हा उचललं. 

मागच्या दारात पाय वाजले. अमोघ आला. एका हातात गवती चहाची एकच पात, दुसऱ्या हाताच्या बोटातून रक्त येत होतं. त्या पातींना धार असते, सगळं बेट चाळल्यावर दुसरं काय होणार?

“बुवा, ही बघा, मधल्या ओळीतली, रंग अगदी...”

आणि त्यानं चुलीपुढं वडिलांना पाहिलं.

“अण्णा! जाळ... अहो, मास्तर, बघताय काय, त्यांना उठवा...”

तो धावला. बुवांनी बसल्या जागेवरून त्याच्या शर्टाचं टोक धरलं आणि खाली ओढलं. बुवांचं वय ऐंशीच्या पुढं आहे, पण पकड पैलवानाची. अमोघ माझ्या मांडीवर जवळजवळ बसलाच.

अण्णांनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. हात तेवढा मागं केला.

“आणलीस? दे.”

अमोघनं पात दिली. अण्णांनी ती दुमडली, पिळली आणि पातेल्यात टाकली. अर्धा तास निवडलेली पात. कोवळी होती की जून, बघितलंही नाही.

“बस तिथं. हात धू आधी, रक्त येतंय.”

अमोघनं हात धुतले. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “ते... बोलताहेत?”

“मघापासून,” मी म्हटलं. “बुवांना शिव्याही घातल्या.”

अण्णांनी दूध घातलं, एक उकळी येऊ दिली आणि चहा गाळला. पहिला पेला बुवांना. दुसरा मला. मी पेला हातात घेतला आणि माझी जरा पंचाईतच झाली. अकरा वर्षांत मला वरचा चहा कुणी दिला नव्हता. कडक, गरम, सुंठेचा घशाशी नेमका झणका. मी त्या धुरात इतका चांगला चहा कधी केला नाही, हे मान्य करतो, आणि पुन्हा मान्य करणार नाही.

तिसरा पेला त्यांनी अर्धाच भरला.

“घे.”

अमोघ पेल्याकडे बघत राहिला.

“अर्धा का?”

“तू अर्धाच पितोस. मग म्हणतोस, अण्णा, अजून अर्धा. आहे शिल्लक. पी.”

अमोघनं पेला तोंडाला लावला. एक घोट घेतला आणि त्याची मान खाली गेली. पेटी उघडीच पडली होती. चोवीस डबे ओळीनं आमच्याकडे बघत होते.

रिकामा पेला पुढं करत तो म्हणाला, “अण्णा... अजून अर्धा.”

अण्णांनी दिला.

मग पातेल्यात वाकून बघितलं.

“हे कुणाचं उरलं?”

“जो करतो तो शेवटी पितो,” मी म्हटलं. “नियम आहे इथला. पातेलं रिकामं करून उठायचं.”

“हो का? बरं.”

आणि त्यांनी उरलेला चहा पेल्यात ओतला आणि प्याले. नुसते ओठ ओले केले नाहीत. फुंकर मारून, लहान लहान घोट घेत, शेवटच्या गाळापर्यंत प्याले. तोंड पुसलं. “सुंठ जरा कमी पडली,” म्हणाले. मग मला विचारलं, “खायला काय आहे?”

मी सकाळची भाकरी आणि चटणी दिली. निम्मी भाकरी त्यांनी चुलीपुढं बसूनच खाल्ली.

 अमोघच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि या वेळी ते धुराचं आहे असं कुणी म्हणालं नसतं.

अण्णा उठले. रिकामं पातेलं विसळलं. मग ते तसंच पुन्हा चुलीवर ठेवलं, खाली जाळ भडकलेला, आणि बाहेर पायरीवर उन्हात जाऊन बसले.

आम्ही तिघेही त्या पातेल्याकडे बघत होतो.

आतलं थेंबभर पाणी चरचरलं आणि उडून गेलं. बूड तापायला लागलं.

“बघितलंत?” अमोघ उभा राहिला. मघाचं रडू गेलं आणि त्याच्या आवाजात चार महिन्यांचा सगळा वैताग आला. “हेच. हेच मी सांगत होतो. मला वाटलं सुटलो, आणि हे बघा. रिकामं पातेलं जाळावर ठेवून निघून गेले. त्यांना आठवतसुद्धा नाही. मी काय करायचं, बुवा? कुलूप लावलं तर ते झिजून मरतात. कुलूप काढलं तर घर पेटतं. सांगा ना. नुसतं बघत बसू नका, सांगा मला काहीतरी.”

पातेल्यातून जळका वास यायला लागला. मठीत पातेलं एकच आहे आणि ते मला घासायचं असतं, म्हणून मी सांडशीकडे हात नेला.

बुवांनी माझं मनगट धरलं.

“अहो, जळतंय ते,” मी म्हटलं.

बुवा अमोघकडे बघत राहिले.

अमोघनं पातेल्याकडे पाहिलं. मग बुवांकडे. मग पुन्हा पातेल्याकडे. शेवटी चिडूनच वाकला, सांडशी घेतली, पातेलं उतरवलं आणि राखेवर आपटलं. दोन्ही लाकडं बाहेर ओढली. जाळ बसला.

बाहेर अण्णांनी खोकून घसा साफ केला. कुठलंसं जुनं गाणं गुणगुणायला लागले, बेसूर.

“हे इथं झालं,” अमोघ म्हणाला. सांडशी अजून त्याच्या हातात होती. “पण घरी? उद्या पहाटे घरी त्यांनी गॅस असाच चालू ठेवला तर?”

बुवांनी शेंगांची टोपली जवळ ओढली. तळाशी चाचपलं. एकच शेंग उरली होती, ती फोडली.

“तर बंद कर.”